लिंबू, सोडा आणि हळद
(द्वितीय वर्ष, कला)

रसायनशास्त्र म्हटले की आपल्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना ते प्रयोगशाळेच्या दाराआडचे वाटते. परंतु जळगाव-धुळ्याकडील कोणत्याही घरात चुलीजवळ हे शास्त्र रोज राबत असते.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो अल्कधर्मी आहे. लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक व ताकात लॅक्टिक आम्ल असते. आम्ल आणि सोडा ओलाव्यात एकत्र आले की कार्बन डाय-ऑक्साइड वायू, पाणी व एक क्षार तयार होतो. १ ग्रॅम सोड्यापासून पाव लिटरहून अधिक वायू निघतो. त्याचे बुडबुडे पिठात अडकले की ढोकळा फुगतो. म्हणूनच सोडा घातल्यावर पीठ लगेच उकडायला ठेवतात. उशीर झाला तर वायू निघून जातो.

आम्ल नसले तरी उष्णतेने सोड्याचे विघटन होते. मात्र वायू निम्माच मिळतो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरते. जास्त सोड्याच्या भज्यांना साबणासारखी चव येते ती यामुळेच. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी अल्कधर्मी आहे, तेही याच वर्गातील क्षारांमुळे.

प्रमाण कसे ओळखावे? १ ग्रॅम सोडा शमवण्यास साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे एका लहान लिंबाचा रस लागतो. तराजू नसला तरी हळद आहे. आम्लात ती पिवळी राहते, अल्कात तांबडी होते. ढोकळ्यावर तांबडे ठिपके दिसले तर तेथे सोडा नीट मिसळला नाही असे समजावे.

आता महत्त्वाचा मुद्दा. सरपण वाचावे म्हणून कित्येक घरांत डाळ शिजवताना सोडा टाकतात. डाळ लवकर शिजते हे खरे. पण अल्कामुळे तिच्यातील ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. जेथे डाळ-भाकरी हेच मुख्य अन्न, तेथे हा तोटा लहान नव्हे. त्यापेक्षा डाळ आधी भिजवावी आणि चिंच वा कैरी ती शिजल्यावरच घालावी, कारण आम्लात डाळ मऊ होण्यास वेळ लागतो.

माझी आई शाळेत गेलेली नाही. पण चिंच शेवटी घालण्याचा नियम तिने कधी मोडला नाही. नियम तिच्याकडे होता, त्याचे कारण मला पुस्तकात मिळाले. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या आपल्यासारख्यांनी अशी कारणे घरी नेऊन सांगावीत, आणि जेथे सोड्यासारखी सवय नुकसान करते तेथे ती आदराने बदलावी, एवढीच विनंती.