एकटीचा दर, दोघांचा पगार

लग्न झालंय की नाही, यावर युनिव्हर्सल क्रेडिटचं, म्हणजे कमी कमाईच्या घरांना मिळणाऱ्या ब्रिटनमधल्या सरकारी मदतीचं, काही अडत नाही. एका घरात जोडप्यासारखे राहता का, एवढंच बघितलं जातं. इथल्या आपल्या बायकांना हे सांगितलं की पटत नाही. "ना सही, ना सप्तपदी, मग त्याचा पगार माझ्या हिशोबात कसा धरतील?" धरतात. माझ्या हिशोबात धरलाय.

मी लेस्टरला राहते. घटस्फोट झालेला, एक मुलगी, शाळेत मदतनीस म्हणून अर्धवेळ नोकरी. मला इथे कायम राहण्याची परवानगी आहे, त्यामुळे युनिव्हर्सल क्रेडिटचा हक्क आहे. माझा जोडीदार पुण्याचा, स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेला. दोन घरांची दोन भाडी कशाला भरायची, या अगदी व्यवहारी प्रश्नावरून एकत्र राहायचा विषय निघाला. भाडं वाचणार हे खरंच होतं. पण दुसऱ्या बाजूला काय जाणार, ते मी कागदावर मांडलं तेव्हा चहा तसाच गार झाला.

आकडे सोयीसाठी थोडे गोल करून सांगते, दर २०२५-२६ चे. पंचविशीपुढच्या एकट्या व्यक्तीची मूळ रक्कम महिन्याला ४००.१४ पौंड, मुलीचे २९२.८१, भाड्यापोटी ८०० धरू. एकूण १,४९२.९५. हातात येणारा माझा पगार ७००. घरात मूल असेल आणि भाड्याची मदत मिळत असेल तर पगारातले पहिले ४११ पौंड सोडून देतात आणि पुढच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापतात. म्हणजे माझे कापले जाणार १५८.९५ आणि मिळणार १,३३४ पौंड.

आता त्याचे हातात येणारे २,३०० यात घाला. दोघांचे मिळून झाले ३,०००. सूट मात्र ४११ चीच, माणसं दोन झाली म्हणून ती दुप्पट होत नाही. कपात १,४२३.९५. उरले ६९ पौंड.

इथे व्हिसाचा एक पेच आहे आणि आपल्या लोकांना तोच जास्त बोचतो. दोघंही हक्कदार असते तर मूळ रक्कम जोडप्याची, म्हणजे ६२८.१० लागली असती. पण त्याच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट आहे, सरकारी मदत घ्यायची नाही. त्यामुळे मला अर्ज एकटीचा म्हणूनच करावा लागतो, दर एकटीचाच मिळतो, पगार आणि बचत मात्र दोघांची मोजतात. देताना तो घरात नाही, कापताना आहे! याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच्या नावाने जास्तीचं काही मिळत नाही, म्हणूनच माझ्या अर्जाने त्याच्या व्हिसाची अट मोडत नाही. त्याच्या असण्यामुळे एखादी मदत वाढत असेल तर मात्र मोडते. तिथे इमिग्रेशनच्या जाणकाराला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

मंडळातल्या एका काकूंनी प्रेमाने तोडगा सुचवला, "भाडेकरू म्हणून दाखव ना, कोण बघायला येतंय?" हे ऐकू नका. खोटी माहिती देऊन पैसे घेणं हा गुन्हा आहे, आणि ज्याला पुढे व्हिसा वाढवायचाय त्याला त्यात ओढणं हे त्याहून वाईट. शिवाय गणपतीच्या आरतीला आम्ही जोडीने उभे राहतो, काकूंनाच सगळं ठाऊक आहे. लोक तुम्हाला जोडपं समजतात का, हाही तपासणीतला एक मुद्दा असतो. बाकीचे मुद्दे साधारण असे: घर एक आहे का, खर्च एकत्र आहे का, नातं किती टिकाऊ, शरीरसंबंध आहेत का, मुलांचं कोण बघतं. एकाच मुद्द्यावर निकाल लागत नाही, चित्र सगळं मिळून बघतात. 'आठवड्याला तीन रात्रींपर्यंत चालतं' असा नियम लोक छातीठोकपणे सांगतात. असा नियम कुठेही नाही.

बचतीचं प्रकरण तर आपल्यासाठी खासच. दोघांची मिळून १६,००० पौंडांपेक्षा जास्त बचत असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट बंद. सहा हजारांच्या वर दर २५० पौंडांमागे महिन्याला ४.३५ पौंड उत्पन्न आहे असं धरून कापतात. ही बचत इथल्याच बँकेतली हवी असं नाही. पुण्यातली एफडी मोजतात, वडिलांबरोबर संयुक्त नावाने असेल तर त्याचा वाटा मोजतात. भारतातला फ्लॅटही मोजतात, पण त्यात निवृत्तिवेतनाच्या वयाचे आई किंवा वडील राहत असतील तर तो सोडून देतात. त्याचं घर या सवलतीत बसलं. पण हे आम्ही आधी विचारलं म्हणून कळलं. 'तिकडचं इकडे कोणाला कळतंय' या भरवशावर राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. पुढे सगळी रक्कम परत मागतात. चूक कार्यालयाची असली तरी जास्त दिलेले पैसे वसूल करता येतात, त्यामुळे युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये लिहिलेल्या प्रत्येक ओळीचा फोटो काढून ठेवा.

मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. तो दरमहा आईवडिलांना पैसे पाठवतो. ते वजा होत नाहीत. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनची वर्गणी वजा होते, म्हातारी आई नाही. माझी मुलगी त्याची कायद्याने कोणी लागत नाही, तरी तिच्या वाट्याचे पैसे त्याच्या पगाराने खाल्ले जातात. सरकार गृहीत धरतं की पुरुष घरात आला म्हणजे त्याचा पगारही घरात आला. तो खरंच देतो की नाही, हे मात्र कोणी तपासत नाही. माझं उत्पन्न पहिल्याच महिन्यात १,२६५ पौंडांनी घसरणार आणि ते भरून काढणं एका माणसाच्या मर्जीवर. माणूस कितीही चांगला असो, हे मला नको होतं.

म्हणून सामान हलवायच्या आधी आम्ही पैशांवर बोललो. अवघड गेलं. आपल्याकडे पैशाचं आधी बोलणं म्हणजे विश्वास नसणं. तरी ठरवलं: पगाराच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून ठरावीक रक्कम आपोआप माझ्या खात्यात, आणि भाडेकरारावर दोघांची नावं. एकट्या माणसाला कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट असते, तीही गेली. ती रक्कम त्याने भरायची. बदल महिन्याच्या मध्यात झाला तरी तो युनिव्हर्सल क्रेडिटच्या अख्ख्या मूल्यमापन महिन्याला लागतो, म्हणून माझा नवा महिना कधी सुरू होतो ते बघून तारीख ठरवली आणि त्याच दिवशी जर्नलमध्ये कळवलं.

चाइल्ड बेनिफिट माझ्या नावावर चालू आहे. जोडीदाराचं वर्षाचं उत्पन्न ६०,००० पौंडांवर गेलं तर त्याला त्यावर वेगळा कर भरावा लागतो, मूल त्याचं नसलं तरी, आणि ८०,००० ला सगळंच परत जातं. प्रत्येकी ५९,००० कमावणाऱ्या जोडप्याला मात्र हा कर अजिबात लागत नाही. आयटीतल्यांनी हे आधीच बघून ठेवावं. अपंगत्वासाठीच्या पीआयपीला जोडीदाराच्या पगाराशी काही देणंघेणं नाही, कोणी घाबरून तो अर्ज सोडू नये.

स्वतःचे आकडे टर्न-टू-अस किंवा एन्टायटल्ड-टूच्या कॅल्क्युलेटरमध्ये घालून बघा, आणि सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये फुकट विचारा. ज्या महिन्यात त्याला जादा काम मिळतं त्या महिन्यात माझे ६९ चे शून्य होतात. तेव्हा कायमचं बंद झालं असं समजून बसायचं नाही. सहा महिन्यांच्या आत पुन्हा मागणी केली तर मूल्यमापनाचे जुनेच महिने पुढे चालतात, नव्या अर्जाची पाच आठवड्यांची वाट बघावी लागत नाही. मी शून्याची नोटीस आली की तिच्यापुढच्या सहाव्या महिन्याची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवते.