एक पावसाळा भाड्यानं

2019 च्या डिसेंबरात नोकरीसाठी नाशिकहून भंडाऱ्याला आलो आणि अडीच महिन्यांत प्लॉट घेऊन बसलो. नाशिकचे भाव ऐकलेल्या माणसाला इथला दर फुकटासारखा वाटतो. जागा दाखवणाऱ्यानं फेब्रुवारीत नेलं. वैनगंगा तेव्हा लांब, खाली, शांत होती. शेजारच्या कासारकाकांनी सांगितलं होतं, "भाऊ, पावसाळा पाह्यल्याशिवाय जागा घ्याची नाही." मी ऐकलं नाही. ऑगस्टअखेर वरच्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, शहरात पूर शिरला आणि माझ्या कुंपणाचे खांब दिसेनासे झाले. ओसरल्यावर वीतभर गाळ, त्यात सिमेंटच्या पोत्यांचे झालेले दगड.

नुकसान माझं झालं, पण ते माझ्यापाशी थांबत नाही. या जिल्ह्याला माणसं हवी आहेत. 2001 ते 2011 मध्ये राज्याची लोकसंख्या सोळा टक्के वाढली, इथली सहा टक्केही नाही. ज्या पितळेनं शहराचं नाव झालं, त्या धंद्यातली पोरं नागपूर-पुण्याला गेली. काकांच्या दुकानात गुंड, गंज, कोपर अजून मांडलेले असतात. गिऱ्हाईक मात्र बहुतेकदा घरातली मोड विकायला येतं. अशा गावात बाहेरच्याची पुंजी गाळात गेली, की तो दुकान टाकत नाही, दोन पोरांना कामाला लावत नाही, आणि आपल्या माणसांनाही येऊ नका म्हणतो.

म्हणून येणाऱ्यांनो, एक पावसाळा भाड्यानं काढा. सातबारा आणि अकृषक परवानगी सगळेच बघतात. जलसंपदा विभागाच्या नकाशात निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते तेही बघा. खाली गोसीखुर्दला धरणानं वैनगंगेचं पाणी अडवलेलं आहे, हे विसरू नका. कारखाना येणार, या बोलीवर पैसा लावू नका. चालू आहे ते मोजा: वरठीचं पोलाद, जवाहरनगरची आयुध निर्माणी, डोंगरी बुजुर्ग-चिखल्याच्या मँगनीज खाणी, तुमसरची धानाची बाजारपेठ. धंदा करायचा असेल तर रोवणीच्या दिवसांत बाजार हिंडा आणि धान विकलं गेल्यावर पुन्हा हिंडा. लोकांच्या हातात पैसा कधी असतो, ते तेव्हाच कळतं.

गावकऱ्यांनाही हात जोडून सांगतो, भाव पडेल म्हणून पूर लपवू नका.

आम्ही परत गेलो नाही. ज्या घरात भाड्यानं राहतो, तिथं भिंतीवर 2020 च्या पाण्याची रेघ आहे. घरमालकीणबाईंनी रंग देताना ती तशीच राहू दिली. नवं बिऱ्हाड खोली बघायला आलं, की बाई आधी त्या रेघेवर बोट ठेवतात, मग भाडं सांगतात.