भिजकी वही: कुणाचे अश्रू मोजायचे?

‘राजकीय कविता’ हे शब्द उच्चारले की आपल्या मंडळात दोन तट पडतात. एक म्हणतो, राजकारण आलं की कविता संपली. दुसरा म्हणतो, बेळगावात राहून राजकारण टाळणं हा शुद्ध पळपुटेपणा. या वादात मला एक पुस्तक आणून ठेवायचं आहे: अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’.

हा संग्रह २००३ साली प्रास प्रकाशनाने काढला. २००४ मध्ये कोलटकर गेले; २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार या संग्रहाला मरणोत्तर मिळाला. पुस्तक जाडजूड, पण सूत्र एकच, अश्रू. कवितांना बायकांची नावं आहेत: कॅसांड्रा, हायपेशिया, राबिया, कण्णगी, नादेझ्दा, किम. कुणी पुराणातली, कुणी इतिहासातली, तर कुणी अगदी आपल्या काळातली. अभ्यास म्हणून यातल्या तीन गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट, नाव. ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममधल्या एका गावावर नापाम बॉम्ब पडले. नऊ वर्षांची किम फुक अंगावरचे कपडे जळालेल्या अवस्थेत रस्त्यावरून धावत आली. तो फोटो जगभर पोचला. आता असं बघा, ‘युद्ध वाईट असतं’ हे वाक्य कुणालाच अडचणीत आणत नाही. बॉम्ब टाकणाराही ते म्हणू शकतो. पण ‘किम’ म्हटलं की प्रश्न सुरू होतात. कुणी टाकला? का टाकला? उत्तर असं की विमानं दक्षिण व्हिएतनामची, म्हणजे तिच्याच बाजूच्या सरकारची होती. नाव घेतलं की राजकारण आपोआप आत येतं, घोषणा द्यावी लागत नाही.

दुसरी गोष्ट माझ्यापुरती अवघड आहे. हायपेशिया अलेक्झांड्रियाची गणिती आणि तत्त्वज्ञ. इ. स. ४१५ मध्ये ख्रिस्ती जमावाने तिला चर्चमध्ये ओढून नेऊन ठार केलं. मी कॅथलिक आहे. असं काही वाचलं की पहिल्यांदा तोंडात बचाव येतो: ते जुनं झालं, ते खरे ख्रिस्ती नव्हतेच, तेव्हाचं राजकारणच वेगळं होतं. पण त्याच शतकातला सॉक्रेटिस स्कोलास्टिकस हा चर्चचा इतिहासकार स्वतः ख्रिस्ती होता, आणि या कृत्याने अलेक्झांड्रियाच्या चर्चला बट्टा लागला असं त्याने स्पष्ट लिहून ठेवलंय. त्याला जे तेव्हा जमलं, ते मला आज का जमू नये?

उपवासकाळात आम्ही क्रुसाच्या वाटेची भक्ती करतो. तिच्या आठव्या स्थानावर येशू यरुशलेमच्या रडणाऱ्या बायकांजवळ थांबतो आणि त्यांना सांगतो की माझ्यासाठी रडू नका, स्वतःसाठी आणि आपल्या लेकरांसाठी रडा. लहानपणी मला हे नुसतं सांत्वन वाटायचं. आता त्यात इशारा ऐकू येतो. रडणं हेही भाष्य असतं. कोण रडतंय आणि कुणामुळे, हे विचारलं की सत्तेला घाम फुटतो.

तिसरी गोष्ट, भाषा. कोलटकर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहीत. गंमत अशी की खंडोबाच्या जेजुरीवरचं पुस्तक, ‘जेजुरी’, त्यांनी इंग्रजीत लिहिलं. महाभारतातल्या सर्पसत्रावरचं ‘सर्प सत्र’ही इंग्रजीत, ते २००४ चं. त्यात जरत्कारू आपल्या मुलाला, आस्तिकाला, सूडाची गोष्ट सांगते. आणि अलेक्झांड्रिया, व्हिएतनाम, रशिया इथल्या बायका मात्र त्यांनी मराठीत आणल्या. घरचं परक्या भाषेत आणि परक्यांचं घरच्या भाषेत! ‘तू नक्की कुठल्या भाषेचा?’ असं विचारणाऱ्याने या माणसाला कुठल्या रकान्यात बसवायचं?

हा प्रश्न मलाही विचारला जातो. आडनाव ऐकून लोक विचारतात, ‘तुम्ही मराठी कसे?’ आणि १ नोव्हेंबर आला की तोच प्रश्न आपल्या सगळ्या गावाला विचारला जातो. त्या दिवशी एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे काळा दिवस. आपल्या मंडळात तेव्हा ज्या कविता येतात त्यांत माती, आई, अस्मिता, रक्त हे शब्द हमखास असतात. सीमाभागातल्या मराठी माणसाचं दुःख खरं आहे, माझ्या घरातही ते आहे. पण त्या कवितांत एकाही माणसाचं नाव नसतं. मोर्च्यामुळे बस बंद पडली म्हणून जिची दिवसाची मजुरी बुडाली ती बाई त्यात नसते. ती मराठी बोलते की कन्नड, याने तिच्या रिकाम्या डब्यात काय फरक पडतो?

‘भिजकी वही’ माझ्या मते हेच शिकवते: आपल्या बाजूचे अश्रू मोजणं सोपं आहे, आपल्या बाजूने काढलेले अश्रू मोजायला धाडस लागतं. राजकीय कवितेची कसोटी तिथेच लागते. भूमिका घेऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर घ्या, पण तिची किंमत कोण मोजतंय तेही लिहा.

पुढच्या बैठकीसाठी एक स्वाध्याय सुचवते. प्रत्येकाने एक कविता आणायची. शीर्षक म्हणून एका बाईचं नाव, खरं किंवा कल्पित. ती ‘आपली’ नसावी. कवितेत अस्मिता, माती आणि रक्त हे तीन शब्द चालणार नाहीत. माझ्या कवितेचं नाव ठरलंय: मल्लव्वा.