मोटार सुरू होत नाही तेव्हा

गतवर्षी पावसाळ्यात एके पहाटे आमच्या घरी आजोबांस अकस्मात् धाप लागली. त्यांस दवाखान्यात न्यावयाचे, आणि मोटार काही केल्या सुरू होईना! आम्ही सर्व गोंधळून गेलो. एकाने किल्ली पुनःपुन्हा फिरवली, दुसऱ्याने पेट्रोल संपले असे ठरविले, तिसरा प्लग काढावयास निघाला. तितक्यात शेजारचे वृद्ध ड्रायव्हरकाका आले. त्यांनी दिवे लावून किल्ली फिरविण्यास सांगितले. ‘टक्’ एवढाच आवाज झाला व दिवे मंदावले. काकांनी बॅटरीचे टोक हलवून पाहिले. ते सैल होते व त्यावर पांढरट कीट चढले होते. किल्ली बंद करून त्यांनी ते घासले, घट्ट आवळले, आणि इंजिन लागलीच सुरू झाले. आजोबा वेळेवर पोहोचले.

काकांजवळ कोणती विद्या होती? प्रश्न क्रमाने विचारण्याची.

पहिला प्रश्न : इंजिन फिरते काय? फिरत नसल्यास प्रथम बॅटरी पाहावी. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असता सुमारे १२·६ व्होल्ट दाखविते. दिव्यांस थोडा प्रवाह पुरतो, परंतु स्टार्टरास शंभराहून अधिक अँपिअर लागतात. म्हणूनच सैल टोकावर दिवे लागतात, पण इंजिन हलत नाही. दिवे मंद न होता स्टार्टर स्वस्थ राहिला, तर दोष स्टार्टरात वा त्याच्या तारांत शोधावा.

दुसरा प्रश्न : इंजिन नीट फिरूनही पेट घेत नाही काय? मग ठिणगी अथवा पेट्रोल यांपैकी एक कमी आहे. आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत किल्ली लावताच पंपाची क्षणभर गुणगुण ऐकू येते. ती नसल्यास पेट्रोलचा संशय घ्यावा. धुराच्या नळीस पेट्रोलचा वास येत असल्यास ठिणगीचा. किल्लीचे चित्र असलेला दिवा लुकलुकत राहिल्यास मोटारीने किल्लीच ओळखलेली नसते.

तिसरा प्रश्न : इंजिन नेहमीपेक्षा हलके व भरभर फिरते काय? तर टायमिंगचा पट्टा तुटला असण्याचा संभव आहे. अशा वेळी किल्ली फिरविणे तत्काळ थांबवून मिस्त्रीस बोलवावे.

काही पथ्येही पाळावीत. किल्ली एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, यास्तव जवळ काडी ओढू नये. ठिणगीच्या तारांत हजारो व्होल्टचा दाब असतो. त्यांस हात लावणे हे विद्यार्थ्यांचे काम नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, त्या पहाटे आम्ही चौघांनी चार उपाय योजिले, परंतु रोग कोठे आहे हे कोणीच विचारले नाही. गणित अडले असताही आपण बहुधा असेच करतो. कोणती पायरी बरोबर आली व कोणती चुकली, हे आधी पाहावे. मग हात घालावा.