तुती आणि उंबर : एका कुळांतील दोन झाडें

निगडी हें गांवाचें नांव आहे, तसेंच तें निर्गुंडीच्या झुडुपाचेंहि नांव आहे. बोलणाराच्या मनांत गांव आहे कीं झुडूप, हें प्रसंगावरूनच कळतें. केवळ नांवावर विसंबल्यास घोटाळा होतो. पवित्र शास्त्रांतील झाडांविषयींहि असें घडतें. म्हणून ह्या पाठांत आपण तुतीचें कूळ पाहूं.

लूककृत शुभवर्तमानांत, अध्याय १७, ओवी ६ मध्यें प्रभु विश्वासाविषयीं बोलतांना तुतीचें नांव घेतो. अध्याय १९, ओवी ४ मध्यें जक्कय उंबरावर चढतो. मूळ ग्रीक शब्द ‘सुकामिनोस’ व ‘सुकोमोरेआ’ इतके सारखे आहेत कीं, दोन्ही एकच झाड वाटावें. पण झाडें निराळीं आहेत. पहिलें काळी तुती मानितात. दुसरें अंजिराच्या जातीचें, आपल्या उंबराचा जवळचा भाऊ. तथापि दोहोंचें कूळ एकच.

तें ओळखावें कसें? केवळ पानांवरून नव्हे; तुतीच्या एकाच फांदीवर एक पान अखंड तर दुसरें खोल कातरलेलें सांपडतें. रंगावरूनहि नव्हे, ‘पांढरी तुती’ म्हणतात त्या जातीचीं फळें पुष्कळदां पिकून काळीं होतात. फूल व फळ हींच पाहिलीं पाहिजेत. तुतीचें फळ एका फुलाचें नव्हे. एका दांड्यावरील अनेक बारीक फुलांचीं दलें रसाळ होऊन तें बनतें. फणसहि असाच, त्याचा एकेक गरा एकेका फुलापासून होतो. आतां उंबर फोडून पाहा. तशींच बारीक फुलें आंत दडलेलीं दिसतील. म्हणूनच क्वचित् भेटणाऱ्या माणसास आपण ‘उंबराचें फूल’ म्हणतों. तुतीचीं फुलें दांड्याच्या बाहेर, उंबराचीं जणूं पिशवींत. आणि पान तोडलें असतां दोहोंतून पांढरा चीक येतो.

लिनीअस ह्या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं तुतींच्या गणांत कागदी तुतीहि घातली होती. पुढें १७९९ सालीं तिला वेगळा गण मिळाला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे माजी प्रमुख थिओडोर कुक यांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथांत (१९०१–१९०८) वड-उंबरांस खाजोटीच्या मोठ्या कुळांत ठेविलें. आज तुती, वड, पिंपळ, उंबर, अंजीर व फणस यांचें ‘मोरेसी’ नांवाचें स्वतंत्र कूळ मानितात. हें नांव मोठ्या वडावरून नव्हे, तर लहानशा तुतीच्या ‘मोरस’ ह्या नांवावरून पडलें आहे.

प्रिय वाचकहो, विद्वानांनीं फुलाफळांची साक्ष ऐकून आपलीं पुस्तकें वारंवार दुरुस्त केलीं. आपल्या मंडळ्यांत मात्र सोयरीक ठरवितांना आजहि पूर्वजांची जात कोठें कोठें विचारली जाते. फळांवरून ओळखा, हें प्रभूचें सांगणें (मत्तय ७:१६) झाडापुरतेंच आहे काय? पुढील शास्त्रवर्गास एक तुती व एक उंबर घेऊन यावें, दोन्ही मुलांसमोर उघडावीं, आणि हा प्रश्न वडील मंडळींनीं प्रथम स्वतःस विचारावा, असें आम्ही सुचवितों.