मोतीबिंदूनंतरचे भिंग : पदार्थ, प्रकाश आणि वैद्यक यांची एकत्र वाटचाल

ज्यांचे बालपण १९७० च्या किंवा १९८० च्या दशकात गेले, त्यांस घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या नाकावरील जाड, मध्यभागी फुगलेला चष्मा आठवत असेल. त्या काचांमागे डोळे अवाढव्य दिसत. मुलांना त्याचे हसू येई. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्याची ती खूण होती.

त्या काळच्या प्रचलित शस्त्रक्रियेत डोळ्यातील गढूळ झालेले नैसर्गिक भिंग त्याच्या आवरणासकट काढून टाकले जाई व त्याच्या जागी बहुधा काहीच बसविले जात नसे. मानवी डोळ्याची प्रकाश वळविण्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. तीपैकी सुमारे दोन-तृतीयांश वाटा डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याचा, म्हणजे स्वच्छमंडलाचा असतो आणि उरलेला भिंगाचा. भिंगच गेले की त्याची भरपाई बाहेरून, सुमारे दहा डायॉप्टरच्या बहिर्वक्र काचेने करावी लागे. (चष्म्याची काच डोळ्याच्या पुढे काही अंतरावर असल्यामुळे एवढी कमी शक्ती पुरते.) परंतु ह्या काचेतून प्रत्येक वस्तू २५ ते ३० टक्के मोठी दिसे. पायरी जवळ वाटे, पेला उचलताना हात चुके, कडेने येणारी सायकल मध्येच दिसेनाशी होऊन एकदम समोर उभी ठाके. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यास दोन डोळ्यांतील प्रतिमा लहानमोठ्या होत व त्या मेंदूत जुळत नसत. आणि चष्मा फुटला वा हरवला, तर तो मनुष्य व्यवहारतः पुन्हा अंधच होई. शिबिराच्या नोंदवहीत मात्र त्याची गणना यशस्वी शस्त्रक्रियांत झालेली असे.

शस्त्रक्रिया होणे आणि दृष्टी येणे ह्या दोन गोष्टींत एवढे अंतर होते. ते अंतर कसे कमी होत गेले व त्यात पदार्थविज्ञान, प्रकाशशास्त्र आणि वैद्यक ह्या तिन्ही शास्त्रांचा हात कसा लागला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या कथेचा आरंभ दुसऱ्या महायुद्धात होतो. १९४० च्या ऑगस्टमध्ये एका ब्रिटिश वैमानिकाच्या लढाऊ विमानाचे छत फुटले आणि त्याचे कण त्याच्या डोळ्यांत रुतले. हे छत काचेचे नव्हते. ते पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे, म्हणजे पॉलिमेथिल मेथाक्रिलेट ह्या बहुवारिकाचे होते. लंडनचे नेत्रशल्यचिकित्सक हॅरॉल्ड रिडली यांनी ह्या वैमानिकाची व अशा इतर जखमी वैमानिकांची तपासणी केली. तीक्ष्ण कडा हलत राहून इजा करीत नसेल, तर हे कण डोळ्यात वर्षानुवर्षे स्वस्थ पडून राहतात, असे त्यांच्या ध्यानात आले. शरीर परक्या पदार्थाशी झगडते, ही सर्वसाधारण समजूत. येथे झगडा नव्हता. पुढे एका विद्यार्थ्याने मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहताना, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवीत नाहीत, असे विचारल्याचे सांगतात. प्रश्न भाबडा खरा. पण रिडली यांच्यापाशी आता त्यासाठी पदार्थ होता.

दिनांक २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी ४५ वर्षांच्या एका स्त्रीच्या डोळ्यात पर्स्पेक्सचे भिंग बसविले. भिंग डोळ्याने स्वीकारले. पण त्या स्त्रीला सुमारे १८ डायॉप्टरची लघुदृष्टी आली. ही चूक मोठी बोधप्रद आहे. भिंगाची शक्ती त्याच्या वक्रतेवर अवलंबून असते, तशीच ती भिंगाचा पदार्थ व सभोवतालचा द्रव यांच्या वक्रीभवनांकांतील फरकावरही अवलंबून असते. डोळ्यातील द्रवाचा वक्रीभवनांक सुमारे १.३४, नैसर्गिक भिंगाचा सरासरी सुमारे १.४१ आणि पर्स्पेक्सचा १.४९ आहे. म्हणजे नैसर्गिक भिंगाच्या बाबतीत हा फरक ०.०७, तर पर्स्पेक्सच्या बाबतीत ०.१५. साहजिकच नैसर्गिक भिंगाचा आकार जवळजवळ जसाच्या तसा उतरवून केलेल्या प्लॅस्टिकच्या भिंगाची शक्ती सुमारे दुप्पट झाली. पदार्थ योग्य निवडला, शस्त्रक्रिया साधली, आणि प्रकाशशास्त्राचा हिशेब चुकला.

पुढील भिंगांत ही चूक दुरुस्त झाली, तरी अडचणी संपल्या नाहीत. भिंग जड होते; काही रुग्णांत ते जागेवरून निसटले. निर्जंतुक करण्यासाठी वापरलेल्या रसायनाचा अंश भिंगावर राहून दाह होई. समव्यावसायिकांनी तर रिडली यांस तीव्र विरोध केला. डोळ्यातून परके पदार्थ काढणे हे आपले काम, घालणे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. आज ती हटवादी वाटते. परंतु त्या काळातील गुंतागुंतींचे प्रमाण पाहता ती केवळ मत्सरातून आली होती असे म्हणता येणार नाही. रिडली यांस रॉयल सोसायटीचे सदस्यत्व १९८६ मध्ये आणि सर हा किताब २००० मध्ये मिळाला. दुसऱ्याच वर्षी, २००१ मध्ये, ते निवर्तले.

मधल्या काळात अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये एक निराळी शस्त्रक्रिया पुढे आणली. दंतवैद्याकडील श्राव्यातीत कंपनाने दात साफ करणारे उपकरण पाहून त्यांस ही कल्पना सुचली. अशाच कंपनांनी गढूळ भिंगाचा आतल्या आत चुरा करून तो शोषून घ्यावयाचा, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटरचा छेद पुरतो. परंतु येथे एक विचित्र पेच होता. तीन मिलिमीटरच्या छेदातून जुने भिंग बाहेर येई. आणि नवे सहा मिलिमीटरचे ताठर भिंग आत घालण्यासाठी तोच छेद पुन्हा वाढवावा लागे!

ह्या पेचाचे उत्तर पदार्थविज्ञानाने दिले. प्रत्येक बहुवारिकाचे एक विशिष्ट तापमान असते. त्याखाली तो काचेसारखा कडक आणि त्यावर रबरासारखा लवचीक राहतो. पर्स्पेक्ससाठी हे तापमान सुमारे १०५ अंश सेल्सिअस आहे. म्हणून तो शरीरात कायम ताठरच राहणार. अॅक्रिलिक कुळातीलच घटक निवडून हे तापमान सामान्य हवेच्या तापमानाजवळ आणता आले, तेव्हा भिंग घडी घालून बारीक नळीतून आत सोडणे व तेथे ते हळूहळू उलगडणे शक्य झाले. सिलिकोनची घडीची भिंगे १९८० च्या दशकात आली. पाणी न शोषणाऱ्या मऊ अॅक्रिलिकच्या भिंगास अमेरिकेत १९९४ च्या अखेरीस मान्यता मिळाली. अशा अॅक्रिलिकचा वक्रीभवनांक सुमारे १.५५ असल्याने भिंग अधिक पातळही करता आले. आज सुमारे अडीच मिलिमीटरचा छेद पुरतो व त्यास बहुधा टाका लागत नाही.

भिंग ज्या नैसर्गिक पिशवीत बसवितात, तिच्या मागील पडद्यावर उरलेल्या पेशी वाढून काही महिन्यांनी वा वर्षांनी दृष्टी पुन्हा धूसर होते. ह्याला लोक ‘मोतीबिंदू परत आला’ असे म्हणतात; ते बरोबर नव्हे. भिंगाची मागील कड गोल न ठेवता काटकोनी ठेवल्यास ती पडद्यावर घट्ट दाबून बसते व पेशींचा सरकता थर तेथे अडतो, असे आढळले. कडेचा आकार बदलण्याएवढा साधा उपाय, पण त्याने हा उपद्रव पुष्कळ कमी झाला. तरीही धूसरपणा आलाच, तर नियोडिमियम-याग लेसरच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी त्या पडद्यास मध्यभागी खिडकी पाडतात. छेद घ्यावा लागत नाही, काम काही मिनिटांत होते.

आता मापनाकडे वळू. भिंग कितीही उत्तम असले, तरी ते किती शक्तीचे बसवावयाचे हे शस्त्रक्रियेपूर्वी ठरवावे लागते. त्यासाठी स्वच्छमंडलाची वक्रता आणि डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी मोजतात. ही लांबी सरासरी साडेतेवीस मिलिमीटर असते, आणि ती मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो. श्राव्यातीत ध्वनीने मोजताना उपकरणाचे टोक डोळ्यास टेकवावे लागे; हात किंचित जड पडला तरी डोळा दबून लांबी कमी भरे. ह्यावर प्रकाशशास्त्राने जो मार्ग काढला तो व्यतिकरणाचा. अल्प सुसंगती असलेल्या प्रकाशाचे दोन भाग केले आणि त्यांनी कापलेली अंतरे जवळजवळ तंतोतंत सारखी असली, तरच त्यांच्यात व्यतिकरण दिसते. ह्या गुणधर्माचा उपयोग करून दृष्टिपटलापर्यंतचे अंतर डोळ्यास स्पर्श न करता मिलिमीटरच्या शतांश भागाएवढ्या सूक्ष्मतेने मोजता येते. व्हिएन्ना येथील अॅडॉल्फ फेर्चर यांच्या कार्यावर आधारलेले असे उपकरण १९९९ मध्ये बाजारात आले. दृष्टिपटलाचे थर दाखविणारे ओसीटी हे तंत्र, ज्यावरील पहिला प्रबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेही ह्याच तत्त्वावर चालते. मोतीबिंदू अतिशय पिकलेला असल्यास मात्र प्रकाश आरपार जात नाही आणि पुन्हा ध्वनीचाच आधार घ्यावा लागतो.

इतके करूनही थोडा नंबर उरतोच. कारण भिंग पिशवीत नेमके किती खोल बसेल हे आधी निश्चित सांगता येत नाही. ह्या दिशेने झालेले अलीकडचे संशोधन विशेष कुतूहलाचे आहे. रसायनशास्त्राचे २००५ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी एक, रॉबर्ट ग्रब्ज, आणि नेत्रतज्ज्ञ डॅनिएल श्वार्ट्झ यांनी शस्त्रक्रियेनंतर शक्ती बदलता येईल असे सिलिकोनचे भिंग कल्पिले. त्या सिलिकोनच्या जाळ्यात प्रकाशसंवेदी लहान रेणू मोकळे ठेवलेले असतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी, डोळा स्थिरावल्यावर, राहिलेला नंबर मोजून भिंगाच्या मध्यभागावर जंबुपार किरण टाकतात. तेथील मोकळे रेणू परस्परांशी जोडले जातात. त्यांची तेथील संख्या घटल्यामुळे कडेचे रेणू मध्याकडे सरकतात आणि मध्यभाग फुगून शक्ती वाढते. शक्ती कमी करावयाची असल्यास किरण कडेवर टाकतात. इष्ट नंबर साधला की संपूर्ण भिंगावर किरण टाकून उरलेले सर्व रेणू जोडून टाकतात. मग ते भिंग बदलत नाही. तोपर्यंत रुग्णाला जंबुपार किरण अडविणारा चष्मा वापरावा लागतो, कारण ऊनदेखील हेच काम करू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ह्या भिंगास नोव्हेंबर २०१७ मध्ये मान्यता दिली.

दूरचे व जवळचे दोन्ही चष्म्याविना दिसावे, म्हणून बहुनाभीय भिंगे निघाली. त्यांच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म वलयाकार पायऱ्यांमुळे प्रकाशाचे विवर्तन होऊन तो दोन वा तीन नाभींत विभागला जातो. परंतु प्रकाश विभागला जातो, वाढत नाही. म्हणून मंद उजेडात वस्तूंचा उठाव कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. ज्यांस रात्री वाहन चालवावे लागते किंवा ज्यांच्या दृष्टिपटलास विकार आहे, त्यांस महाग भिंग म्हणजे चांगले भिंग हे समीकरण लागू पडत नाही. नीट मोजून बसविलेले साधे एकनाभीय भिंग आणि वाचण्यापुरता चष्मा, ही जोडी बहुसंख्य लोकांस उत्तम दृष्टी देते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तरुण माणसाचे नैसर्गिक भिंग जवळ पाहताना जसे आपोआप फुगते, तसे त्याच्या तोडीने करणारे भिंग अद्याप कोणासही साधलेले नाही.

आपल्या देशात ह्या संशोधनाचा लाभ खेड्यापर्यंत पोहोचला तो आणखी दोन कारणांनी. मदुरै येथील अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न अशा ऑरोलॅबने १९९२ पासून परदेशी भिंगाच्या किमतीच्या लहानशा अंशात भिंगे तयार केली. त्याचबरोबर, डोळ्याच्या पांढऱ्या भागात सुमारे सहा मिलिमीटरचा बोगद्यासारखा, आपोआप मिटणारा छेद घेऊन महागड्या यंत्राविना करावयाची पद्धत रुळली. नेपाळात झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ह्या पद्धतीचे फळ यंत्राच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास तेवढेच चांगले आढळले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि तत्कालीन आंध्र प्रदेश यांसह सात राज्यांत जो मोतीबिंदू प्रकल्प राबविला गेला, त्याने भिंगरोपणास चालना दिली व जाड चष्मा मागे पडत गेला.

मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबण्याचा सल्ला अजूनही घरोघर ऐकू येतो. भिंग आवरणासकट काढावयाचे असे, त्या काळी त्याला अर्थ होता. आता थांबल्याने भिंग अधिक कठीण होते, त्याचा चुरा करण्यास अधिक कंपने लागतात व स्वच्छमंडलास इजा होण्याचा संभव वाढतो. अतिपक्व मोतीबिंदूने डोळ्यातील दाबही वाढू शकतो. वाचन, स्वयंपाक, शेतातील वा कचेरीतील काम अडू लागले की तपासणी करून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर वेदना, लाली वा दृष्टी एकाएकी कमी होणे यांपैकी काहीही आढळल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बसविलेल्या भिंगाचा प्रकार, शक्ती व क्रमांक दर्शविणारी चिठ्ठी रुग्णालयातून मिळते. ती मागून घ्यावी व जपून ठेवावी. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया अन्यत्र करण्याचा प्रसंग आल्यास तेथील डॉक्टरांस तिचा उपयोग होतो.