रथाचें चाक आणि कोनीय वेग

आषाढी एकादशीस पिंप्राळ्यांत निघणारा रथ तुम्हीं पाहिलाच असेल. भाविक रथ ओढतात, आणि चाकांशेजारीं चालणारे कांहीं जण लांकडी मोगरी लावून तो थांबवितात व वळवितात. पुढच्या खेपेस थोडा वेळ त्या चाकाकडेही पाहा. पदार्थविज्ञानाचा एक उत्तम धडा तेथें फिरत असतो.

समजा, चाकाची त्रिज्या ५० सेंटिमीटर आहे व तें १० सेकंदांत एक फेरा पुरा करतें. चाकाच्या कांठावर एक खूण आणि आस व कांठ यांच्या बरोबर मध्यें दुसरी खूण आहे अशी कल्पना करा. कांठावरची खूण आसाभोंवतीं मोठें वर्तुळ काढते, मधली लहान. परंतु दोघींचा फेरा एकाच वेळीं पुरा होतो. एका सेकंदांत जेवढा कोन फिरला जातो, त्यास कोनीय वेग म्हणतात. तो दोन्ही खुणांचा सारखाच असतो.

हा कोन रेडियनमध्यें मोजतात. परिघावर त्रिज्येइतकी लांबी घेतली असतां मध्यबिंदूशीं होणारा कोन म्हणजे एक रेडियन. पूर्ण फेऱ्यांत असे सुमारें ६·२८ रेडियन असतात. म्हणून कोनीय वेग = ६·२८ ÷ १० = ०·६२८ रेडियन दर सेकंदास. यास त्रिज्येनें गुणलें कीं कांठाचा वेग मिळतो : सेकंदास ३१·४ सेंटिमीटर. चाक न घसरतां चालत असेल, तर रथाचा वेगही तोच.

परंतु रथाची गति क्षणोक्षणीं बदलते. चाळीसगांवाजवळील पाटण येथें ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातू चांगदेव यांनीं मठ स्थापिला, त्या भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणि' ग्रंथांत ग्रहांच्या अशाच 'तात्कालिक गती'चा विचार केला आहे. कोनीय वेगांत दर सेकंदास होणारा बदल म्हणजे कोनीय त्वरण.

आतां आपला रथ दोन प्रकारें थांबवूं. ओढणें बंद होऊन तो सारख्या प्रमाणांत मंदावत ४ सेकंदांत थांबला, तर त्वरण = −०·६२८ ÷ ४ = −०·१५७. मोगरीनें अर्ध्या सेकंदांत थांबला, तर −०·६२८ ÷ ०·५ = −१·२५६, म्हणजे आठपट. ऋणचिन्ह वेग घटल्याचें दर्शक होय.

थांबेपर्यंत रथ किती पुढें जाईल? सरासरी वेग निम्मा, १५·७ सेंटिमीटर. त्यास काळानें गुणा. पहिल्या प्रकारांत सुमारें ६३ सेंटिमीटर, दुसऱ्यांत सुमारें ८. मोगरीचें मोल तें हेंच. आणि 'थांबा' असा पुकारा झाला तरी चाक त्याच क्षणीं थांबत नाहीं, हेंही त्यांतच आलें. म्हणून पालकांनीं गर्दींत मुलांचा हात सोडूं नये, व मुलांनींही चाकापासून चांगलें अंतर राखून उभें राहावें.

जातां जातां एक उदाहरण : जातें मिनिटांत ३० फेरे घेतें. त्याचा कोनीय वेग किती? उत्तर ३·१४ आलें, तर धडा समजला म्हणावयाचा.